अमेरिकेतलं पहिलं टॅक्स रिटर्न: आधी दिवस मोजा, मग फॉर्म उघडा

मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम असला की तिळगूळ हातावर पडायच्या आत कोणीतरी नवीन आलेलं पोरगं बाजूला घेतं आणि विचारतं, "दादा, ते डब्ल्यू-२ आलंय, आता पुढं काय?" गेली बरीच वर्षं मी हेच सांगत आलोय, म्हणून या वेळी लिहूनच काढतो. मी सीए नाही की सीपीए (अमेरिकेतला सीए) नाही. पण चुका स्वतः करून निस्तरल्या आहेत, आणि नव्या माणसाचा पाय नेमका कुठं घसरतो ते मला ठाऊक आहे.

खालचे सगळे आकडे २०२५ या वर्षाचे, म्हणजे २०२६ मध्ये भरायच्या रिटर्नचे आहेत. लिहिलंय फक्त फेडरल टॅक्सबद्दल. राज्याचं रिटर्न वेगळं असतं. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत पगारावर राज्याचा कर नाही. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात आहे.

भारतातून येताना डोक्यात बसलेल्या दोन गोष्टी आधी काढून टाका. एक, इथं वर्ष एप्रिल ते मार्च नाही, जानेवारी ते डिसेंबर. शेवटची तारीख १५ एप्रिल. दोन, इथं नवरा-बायको मिळून एकच रिटर्न भरू शकतात, आणि बहुतेक वेळा त्यात पुष्कळ पैसे वाचतात. भारतात ही सोय नसल्यामुळे अनेकांच्या ते ध्यानातच येत नाही.

पहिली पायरी: तुम्ही रेसिडेंट की नॉनरेसिडेंट?

सॉफ्टवेअर उघडून पटापट बटणं दाबायच्या आधी हा प्रश्न सोडवा. इथं व्हिसाचा आणि टॅक्सचा 'रेसिडेंट' एकच नसतो. ग्रीन कार्ड नसलं तरी टॅक्सच्या हिशेबात तुम्ही रेसिडेंट असू शकता. ते ठरतं अमेरिकेत काढलेल्या दिवसांवरून.

हिशेब असा: चालू वर्षाचे सगळे दिवस, अधिक मागच्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश, अधिक त्याच्या मागच्या वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश. बेरीज १८३ किंवा जास्त आली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस इथं असाल, तर तुम्ही रेसिडेंट. विमान रात्री साडेअकराला उतरलं तरी तो दिवस पूर्ण धरायचा. आधी ऑफिसच्या कामासाठी दोन-तीन आठवडे येऊन गेला असाल, तर ते दिवसही सहसा यात येतात. पासपोर्टवरचे शिक्के आणि सीबीपीच्या (अमेरिकेचं सीमा आणि सीमाशुल्क खातं) साइटवरचा प्रवासाचा इतिहास समोर ठेवूनच मोजा.

आता आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) लागला आणि १ ऑक्टोबर २०२५ ला तुम्ही नेवार्कला उतरलात. ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१ मिळून ९२ दिवस. याआधी अमेरिका पाहिलेली नसेल तर तुम्ही २०२५ साठी नॉनरेसिडेंट. रेसिडेंटचा फॉर्म १०४० नाही, नॉनरेसिडेंटचा १०४०-एनआर. आणि नॉनरेसिडेंटला स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट मिळणारी ठरावीक वजावट) सहसा मिळत नाही. पहिल्याच वर्षी शेकडो लोक इथं साधा १०४० भरून मोकळे होतात, कारण सॉफ्टवेअर 'तुम्ही नॉनरेसिडेंट आहात का' हे ठळकपणे विचारत नाही. प्रसिद्ध सॉफ्टवेअरपैकी काही तर १०४०-एनआर भरूच शकत नाहीत. ते आधी तपासा.

पहिल्यांदाच येणाऱ्याला त्याच वर्षात १८३ दिवस पुरे करायचे असतील, तर उशिरात उशिरा २ जुलैला यावं लागतं. तोवर आलेला माणूस रेसिडेंट होतो, पण आल्या दिवसापासून. म्हणजे वर्षाचा पहिला भाग नॉनरेसिडेंट, नंतरचा रेसिडेंट. याला ड्युअल स्टेटस म्हणतात, आणि त्यातही स्टँडर्ड डिडक्शन नाही. हे ऐकून लोकांचे चेहरे उतरतात, पण नियम तसाच आहे.

विद्यार्थ्यांचं गणित निराळं. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असलेल्यांचे दिवस पहिली पाच कॅलेंडर वर्षं मोजलेच जात नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये आला असाल तर ते अर्धवट २०२१ सुद्धा एक वर्ष धरलं जातं. म्हणजे २०२१ ते २०२५ सूट, आणि १ जानेवारी २०२६ पासून दिवस मोजायला सुरुवात. या पाच वर्षांत १०४०-एनआर आणि सोबत फॉर्म ८८४३ (माझे दिवस मोजू नका असं सांगणारा). कमाई शून्य असेल तर नुसता ८८४३ पाठवायचा, त्याची मुदत १५ जून. ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरची कामाची तात्पुरती परवानगी) काम करत असतानाच १ ऑक्टोबरला एच-१बी सुरू झाला, तर त्या दिवसापासूनचेच दिवस मोजायचे. पुन्हा तेच ९२.

भारतीय विद्यार्थ्यांना मात्र एक सवलत आहे, जी इतर बहुतेक देशांच्या मुलांना नाही. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ च्या दुसऱ्या उपकलमानुसार नॉनरेसिडेंट भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं. २०२५ साठी ते १५,७५० डॉलर आहे. चिनी रूममेटचं रिटर्न पाहून स्वतःचं भरू नका. त्यांच्या करारात वेगळं आहे.

दुसरी पायरी: कागद गोळा करा, आणि डब्ल्यू-२ वाचा

डब्ल्यू-२ म्हणजे इथला फॉर्म १६. जानेवारीअखेरीस कंपनीकडून येतो. बँकेच्या व्याजाचा १०९९-आयएनटी, शेअर विकले असतील तर १०९९-बी. ब्रोकरेजचे कागद अनेकदा फेब्रुवारीच्या मध्यावर येतात आणि त्यात दुरुस्त्याही होतात, म्हणून शेअरवाल्यांनी १ फेब्रुवारीलाच रिटर्न भरायची घाई करू नये.

डब्ल्यू-२ वर नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर बरोबर आहे का बघा. पहिल्या चौकटीतला पगार ऑफर लेटरपेक्षा कमी दिसेल. ४०१(के) या निवृत्ती खात्यात गेलेले पैसे आणि आरोग्यविम्याचा हप्ता त्यातून वजा असतो. घाबरू नका. दुसरी चौकट म्हणजे आधीच कापलेला फेडरल कर, आपल्या टीडीएससारखा.

ओपीटीवरच्या मुलांनी चौथी आणि सहावी चौकट पाहावी. नॉनरेसिडेंट विद्यार्थ्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कापायचे नसतात. अनेक पेरोलवाल्यांना हे माहीत नसतं. कापले असतील तर आधी कंपनीकडे परत मागा. नाहीच दिले तर फॉर्म ८४३ भरून आयआरएसकडे (अमेरिकेचं आयकर खातं) मागता येतात. ७०,००० डॉलर पगारावर ही रक्कम ५,३५५ डॉलर होते, सोडून द्यायची नाही.

आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी एचआर जो डब्ल्यू-४ भरायला देतात, त्यात नॉनरेसिडेंटसाठी वेगळ्या सूचना आहेत. त्या न पाहता साधा भरला तर कर कमी कापला जातो आणि एप्रिलमध्ये खिशातून भरायची वेळ येते.

तिसरी पायरी: लग्न झालेल्यांसाठी

आधी आकडे बघा. नवरा पूर्ण वर्ष रेसिडेंट आहे, पगार ९०,००० डॉलर. बायको एच-४ (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर, कमाई नाही. नवऱ्याने 'मॅरीड फायलिंग सेपरेटली' भरलं तर १५,७५० वजा होऊन ७४,२५० वर कर लागतो. पहिल्या ११,९२५ वर १० टक्के, पुढं ४८,४७५ पर्यंत १२ टक्के, वरच्या भागावर २२ टक्के. एकूण ११,२४९ डॉलर. जॉइंट भरलं तर वजावट ३१,५००, उरले ५८,५००. त्यातल्या २३,८५० वर १० टक्के, बाकीवर १२ टक्के. एकूण ६,५४३. फरक ४,७०६ डॉलरचा.

आणि तरीही लोक सेपरेट भरतात, कारण बायकोकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही. तो लागतच नाही. एच-४ वरच्या, काम करायची परवानगी नसलेल्या व्यक्तीला आयटीआयएन (फक्त करासाठीचा ओळख क्रमांक) मिळतो. त्यासाठी फॉर्म डब्ल्यू-७ रिटर्नला जोडून पाठवायचा. सोबत मूळ पासपोर्ट, नाहीतर पासपोर्ट देणाऱ्या यंत्रणेनेच प्रमाणित केलेली प्रत. नोटरीचा शिक्का चालत नाही. मूळ पासपोर्ट टपालानं टेक्सासमध्ये ऑस्टिनला पाठवायच्या कल्पनेनंच पोटात गोळा येतो. त्याऐवजी आयआरएसने मान्यता दिलेल्या सर्टिफाइंग अॅक्सेप्टन्स एजंटकडे जा. तो पासपोर्ट तिथल्या तिथं तपासून परत देतो. भारतीय वस्तीच्या बहुतेक गावांत असे एजंट सापडतात, फी घेतात, पण त्या फीला कुरकुरू नका. नंबर यायला साधारण सात आठवडे, ऐन हंगामात नऊ ते अकरा. या काळात भारतवारीचं तिकीट काढलं असेल तर एजंटचा मार्ग अजूनच शहाणपणाचा.

बायको वर्षाच्या उत्तरार्धात आली म्हणून ती नॉनरेसिडेंट, मग जॉइंट कसं? यासाठी निवड करता येते: दोघांच्या सहीचं निवेदन रिटर्नला जोडायचं की आम्हाला दोघांनाही पूर्ण वर्ष रेसिडेंट धरा. अट इतकीच की दोघांपैकी एक जण तरी वर्षअखेरीस रेसिडेंट असावा. याची किंमतही आहे. दोघांची त्या वर्षाची जगभरातली कमाई दाखवावी लागते. बायकोचा पुण्यातला जानेवारी ते ऑगस्टचा पगारसुद्धा. भारतात त्यावर कर भरला असेल तर फॉरेन टॅक्स क्रेडिट मिळतं, त्यामुळे बहुतेकदा तरीही फायदाच होतो. पण अंदाजाने नको, दोन्ही प्रकारे हिशेब करून बघा.

मग १ ऑक्टोबरला आलेल्या जोडप्याचं काय? त्यांच्यासाठी 'फर्स्ट इयर चॉइस' नावाची वाट आहे. थोडक्यात, पुढच्या वर्षी तुम्ही दिवसांच्या कसोटीवर उतरलात की मागच्या वर्षाचा शेवटचा तुकडा रेसिडेंट म्हणून निवडता येतो, आणि त्यावर वरची जॉइंटची निवड करता येते. अडचण अशी की ९२ चा एक तृतीयांश म्हणजे साधारण ३०.६७, १८३ गाठायला २०२६ मध्ये आणखी १५३ दिवस हवेत. सलग इथंच राहिलात तर तो दिवस २ जून. म्हणून १५ एप्रिलच्या आत फॉर्म ४८६८ भरून मुदत वाढवून घ्या आणि रिटर्न जूननंतर पाठवा. एकटा असाल तर माझं मत सरळ आहे: या भानगडीत पडू नका. ड्युअल स्टेटसला स्टँडर्ड डिडक्शन नाहीच, तेव्हा १०४०-एनआर भरा आणि झोपा.

मुलांबद्दल एक वाक्य: इथं जन्मलेल्या, सोशल सिक्युरिटी नंबर असलेल्या मुलासाठी २०२५ पासून चाइल्ड टॅक्स क्रेडिट २,२०० डॉलर आहे, आणि आई-बापापैकी एकाकडे तरी तो नंबर हवा. भारतात जन्मलेल्या, आयटीआयएन असलेल्या मुलासाठी ५०० डॉलरचं दुसरं क्रेडिट मिळू शकतं.

चौथी पायरी: भारतातली खाती. इथं वेळ घ्या

रेसिडेंट झालात की जगात कुठंही मिळालेलं व्याज, भाडं, लाभांश इथं दाखवायचं. माझ्या पहिल्या वर्षी ज्या माणसाकडून मी रिटर्न भरून घेतलं, त्यानं भारतात खातं आहे का एवढंही विचारलं नाही, आणि मलाही ते सुचलं नाही. पुढच्या वर्षी १०४०-एक्स भरून दुरुस्ती केली. रक्कम किरकोळ होती, झोप उडाली ती वेगळी.

सगळ्यात मोठा गैरसमज एनआरई (परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या) खात्याचा. त्यावरचं व्याज भारतात करमुक्त आहे. अमेरिकेत नाही. भारतानं माफ केलं म्हणून अंकल सॅम माफ करत नाही. पीपीएफचंही तसंच, भारतात करमुक्त म्हणून इथं आपोआप सुटत नाही. एनआरओ (भारतातल्या कमाईच्या) खात्यावर बँकेनं कापलेला कर मात्र फॉरेन टॅक्स क्रेडिट म्हणून मागता येतो. मुदत ठेवीचं व्याज बँक मार्चअखेरच्या वर्षाप्रमाणे दाखवते. तुम्हाला जानेवारी ते डिसेंबरचं हवं. बँकेचं स्टेटमेंट त्या तारखांचं काढा.

आता एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणं. हे रिटर्नचा भाग नाही. ट्रेझरीच्या फिनसेन विभागाकडे ऑनलाइन वेगळं भरायचं असतं, आणि यात कर काही लागत नाही, फक्त माहिती. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांतली वर्षभरातली सर्वोच्च शिल्लक मिळून १०,००० डॉलरच्या वर गेली की भरायचं. रुपयांत साधारण नऊ लाख. प्रत्येक खात्याची वेगवेगळी सर्वोच्च शिल्लक काढून बेरीज करायची, त्यामुळे सहा लाख एका बँकेतून दुसऱ्या बँकेत हलवले तरी दोन्हीकडे सहा-सहा धरले जातात. बचत खातं, ठेवी, डिमॅट, सगळं येतं.

आपल्या माणसांची खरी गोची पुढं आहे. बाबांनी निवृत्तीचे पैसे सहकारी बँकेत ठेवले आणि 'असू दे, उद्या काही झालं तर' म्हणून तुमचं नाव जोडलं. पैसा त्यांचा, व्याज त्यांचं, तुम्ही पासबुक कधी पाहिलंही नाही. तरीही ते खातं तुमच्या एफबारमध्ये येतं, तेही अर्धं नाही, पूर्ण शिल्लक. म्हणून फोन करून विचारा, "बाबा, माझं नाव कुठं कुठं आहे?" ते म्हणतील, कुठंच नाही. आईला विचारा.

एफबारची तारीखही १५ एप्रिल, पण न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. न भरल्याचा दंड जबर आहे. नॉनरेसिडेंट विद्यार्थ्यांना एफबारच लागू नाही.

त्याखेरीज फॉर्म ८९३८ रिटर्नसोबत जातो. इथं राहणाऱ्या अविवाहितासाठी वर्षअखेरीस परदेशी वित्तीय मालमत्ता ५०,००० डॉलरच्या वर, किंवा वर्षात केव्हाही ७५,००० च्या वर असली की तो लागतो. जॉइंट भरणाऱ्यांसाठी हे आकडे दुप्पट. गावाकडचं घर, शेत स्वतःच्या नावावर असेल तर ते यात धरत नाहीत. त्याचं भाडं मात्र उत्पन्नात दाखवायचं.

म्युच्युअल फंड हा शेवटचा काटा. भारतीय म्युच्युअल फंडाला इथला कायदा 'पीफिक' (एक प्रकारची परदेशी गुंतवणूक कंपनी) समजतो, त्यासाठी फॉर्म ८६२१ आहे, आणि कराची पद्धत किचकट नि महाग. लहान रकमांना काही सूट आहे. तरी माझा सल्ला: रेसिडेंट होण्याआधीच एसआयपीचा निर्णय घ्या. विकायचे असतील तर विमानात बसण्यापूर्वी विका. दहा वर्षं चालू राहिलेली एसआयपी इथं उलगडताना लोकांना फंडाच्या नफ्यापेक्षा सीपीएच्या बिलाचा धसका बसलेला मी पाहिलाय.

पाचवी पायरी: भरा आणि पाठवा

२०२५ मध्ये तुमचं समायोजित उत्पन्न ८९,००० डॉलर किंवा कमी असेल तर आयआरएसच्या साइटवरून फ्री फाइलची सॉफ्टवेअरं फुकट वापरता येतात. आयआरएसचं स्वतःचं डायरेक्ट फाइल २०२६ च्या हंगामात बंद झालं, जुन्या व्हिडिओंत ते दिसलं तर शोधत बसू नका. साधा पगार आणि थोडं व्याज असेल तर स्वतः भरा, शिकायला मिळतं. ड्युअल स्टेटस, पीफिक किंवा भारतात विकलेला फ्लॅट असेल तर पैसे मोजून जाणकार गाठा. आणि पहिल्या भेटीत त्यानं भारतातल्या खात्यांचं विचारलं नाही, तर उठून या.

पहिल्यांदा ई-फाइल करताना मागच्या वर्षीचं एजीआय (समायोजित उत्पन्न) मागतात. रिटर्नच भरलेलं नसेल तर शून्य टाका.

रिफंडसाठी बँक खात्याचा नंबर नीट द्या. ३० सप्टेंबर २०२५ पासून कागदी चेक बंद करत आणलेत. ई-फाइल केलेल्यांचा रिफंड बहुधा २१ दिवसांत येतो.

कर देणं निघत असेल तर हे पक्कं ध्यानात ठेवा: फॉर्म ४८६८ ने १५ ऑक्टोबरपर्यंत रिटर्न पाठवायची मुदत मिळते, पैसे भरायची नाही. पैसे १५ एप्रिललाच. पैसे नसले तरी रिटर्न वेळेवर पाठवा. न पाठवल्याचा दंड दरमहा थकबाकीच्या ५ टक्के, पैसे उशिरा भरल्याचा फक्त अर्धा टक्का.

यंदाच्या नव्या तरतुदींचा गाजावाजा बराच आहे. ४ जुलै २०२५ ला झालेल्या कायद्यानं ओव्हरटाइम आणि टिप्सवर वजावट दिली, पण ठरावीक पगारावरच्या आयटीवाल्यांना ती सहसा लागत नाही. नवी गाडी कर्जावर घेतली असेल तर बघा: अमेरिकेत जोडणी झालेल्या नव्या गाडीच्या, २०२५ मध्ये घेतलेल्या कर्जावरचं व्याज १०,००० डॉलरपर्यंत वजा होतं, एकट्याचं उत्पन्न एक लाखाच्या वर गेलं की ते कमी होत जातं. घर असलेल्यांसाठी राज्य आणि मालमत्ता कराच्या वजावटीची मर्यादा १०,००० वरून ४०,००० झाली, न्यू जर्सीकरांना याचा अर्थ सांगायला नको. आणि १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पैसे पाठवण्यावर एक टक्का कर आहे, तो रोख, मनी ऑर्डर किंवा कॅशिअर्स चेकनं पाठवणाऱ्यांना. बँक खात्यातून आईला पाठवता, त्यावर नाही.

रिटर्न गेल्यावर 'आयआरएसमधून बोलतोय, आत्ता पैसे भरा नाहीतर पोलीस येतील' असा फोन आला तर ठेवून द्या. आयआरएस आधी टपालानं पत्र पाठवतं, आणि गिफ्ट कार्डनं तर कधीच पैसे घेत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तिथून हाच धंदा चालत होता. तेव्हा पलीकडचा आवाज ओळखीच्या वळणाचा वाटला तरी विरघळू नका.

रिटर्नची पीडीएफ, डब्ल्यू-२, एफबारची पावती आणि भारतीय बँकांची स्टेटमेंट्स वर्षवार फोल्डर करून ठेवा. ग्रीन कार्डच्या आणि पुढं नागरिकत्वाच्या वेळी जुनी रिटर्न्स मागतात. घर बदललं तर आयआरएसला फॉर्म ८८२२ नं पत्ता कळवा, नाहीतर त्यांचं पत्र जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत पडून राहील आणि त्यातली उत्तराची मुदत तुम्हाला न सांगता संपेल.